पडण्याला कारण असतं



आज मी पडण्याविषयी बोलणार आहे. आपल्या घरातलं, शेजारचं, भावकीतलं एखादं मतिमंद मूल किंवा तसा मोठा माणूस वारंवार पडतो. कधी गुडघा फुटतो, कधी कपाळावर टेंगूळ येतं, कधी भुवईला खोक पडते. आपण हळद लावतो, पट्टी बांधतो आणि म्हणतो, "तो तसाच आहे हो, पडतोच." हे एक वाक्य मी अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत घरोघर ऐकते. या भागातल्या घरी जाऊन मी अशा मुलांचे व्यायाम घेते. बोलणाऱ्या आईच्या मनात वाईट काही नसतं. पण "तसाच आहे" म्हटलं की पुढचा शोध थांबतो, आणि पुढच्या वेळी टेंगळाच्या जागी मोडलेलं हाड असतं.

म्हणून आज एवढंच सांगायचंय. पडणं हा मतिमंदपणाचा भाग नाही. प्रत्येक पडण्याला कारण असतं, आणि बरीचशी कारणं घरातल्या घरात, थोडक्या पैशात दूर करता येतात.

आधी शब्दाचं बघू. आपण मतिमंद म्हणतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्याला बौद्धिक अक्षमता म्हटलंय. अर्थ असा की समजायला, शिकायला, रोजचं स्वतःचं काम करायला या माणसाला जास्त वेळ आणि जास्त मदत लागते. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात अशी पंधरा लाखांच्या वर माणसं मोजली गेली. तुमच्या गावात एकही घर नसेल असं मला वाटत नाही.

आता ही माणसं जास्त का पडतात ते बघू. आपल्या घरात आजी-आजोबा साठी-सत्तरीत पडायला लागतात, तेव्हा आपण सावध होतो. या मुलांच्या बाबतीत ती सावधगिरी तरुणपणीच हवी. कारणं एकेक करून सांगते.

पहिलं कारण डोळे. कित्येक मुलांची नजर कमी असते, पण ती सांगत नाहीत, कारण सगळ्यांना असंच दिसतं असं त्यांना वाटतं. पायरीची कड दिसली नाही तर पाय चुकणारच. अक्षरं वाचता येत नसली तरी डोळे तपासता येतात, चित्रं दाखवून आणि यंत्रानेही. "त्याला काय वाचायचंय, चष्मा कशाला?" असं म्हणू नका. चष्मा चालण्यासाठीही लागतो.

दुसरं कारण कान. कानात मळ साठला, कान वाहत असला, तर ऐकू कमी येतं आणि काहींचा तोलही जातो.

तिसरं पाय. सपाट तळवे, वाकडी टाच, वाढलेली नखं, भोवरी, आणि पायात मोठ्या भावाची सैल स्लिपर. ही गोष्ट इतकी साधी आहे की तिकडे लक्षच जात नाही.

चौथं कारण फिट, म्हणजे आकडी. बौद्धिक अक्षमता असलेल्या बऱ्याच जणांना आकडीचा आजार असतो. मोठी फिट आपल्याला कळते. पण काही फिट क्षणभराच्या असतात. माणूस एकदम गळून खाली बसतो किंवा दोन क्षण शून्यात बघतो आणि तोल जातो. आपल्याला वाटतं, ठेच लागली.

पाचवं कारण औषधं. फिटची, झोपेची, राग आवरण्याची औषधं गरजेची असतात. पण मात्रा जास्त झाली तर गुंगी येते, पाय लटपटतात. फेनिटॉइनसारखी गोळी प्रमाणाबाहेर गेली तर माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात चालतो. असं दिसलं तर गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. एकदम बंद केली तर फिट वाढतात. डॉक्टरांकडे जाऊन चालून दाखवायचं आणि मात्रा तपासून घ्यायची.

सहावं कारण डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचं. डोळे किंचित तिरपे, अंग सैल, जीभ जरा पुढे, अशी ही मुलं तुम्ही पाहिली असतील. त्यांच्या स्नायूंत ताण कमी असतो. थायरॉइडचा त्रास आणि मोतीबिंदू त्यांना लवकर होऊ शकतो. काहींच्या मानेतला वरचा सांधा सैल असतो. नीट चालणारं मूल अचानक अडखळायला लागलं, मान दुखते म्हणालं, किंवा कपड्यात लघवी व्हायला लागली, तर थांबू नका, डॉक्टरांना मान दाखवा. आणि चाळिशी-पन्नाशीत अशा माणसांना विसराळूपणाचा आजारही इतरांपेक्षा लवकर येतो. तेव्हा ओळखीच्या घरातही पाऊल चुकतं.

शेवटचं कारण घाई. लघवी लागली की धावायचं, कुणी हाक मारली की धावायचं, कुकरची शिट्टी झाली की दचकायचं. पुढे काय धोका आहे हे ओळखायला त्यांना वेळ लागतो. आपण मात्र "चल चल, लवकर" म्हणत मागे लागतो.

ही झाली अंगातली कारणं. आता घराकडे बघू.

मुंबईच्या उपनगरातलं घर तुम्हाला ठाऊक आहे. कुणाचा दीर तिथे आहे, कुणाचा भाऊ, कुणाचा मुलगा. दहा बाय बाराची खोली. एका कोपऱ्यात मोरी, तिथेच भांडी, तिथेच आंघोळ. मोरीला वीतभर कठडा, तो ओलांडून बाहेर पाऊल टाकायचं ते गुळगुळीत लादीवर, ओल्या पायाने. वर पोटमाळा, त्याला उभी लोखंडी शिडी. दाराशी चपलांचा ढीग. घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर, अंधेरीला गिल्बर्ट हिलच्या पायथ्याला, मुलुंडच्या डोंगरउतारावर घरापर्यंत जायला अरुंद पायऱ्या असतात. एक पायरी उंच, दुसरी बुटकी. पावसाळ्यात त्यावर शेवाळ. सार्वजनिक शौचालय गल्लीच्या टोकाला.

तुमच्या गावच्या घरात खोल्या मोठ्या असतील, पण न्हाणीतला दगड तसाच निसरडा, उंबरा त्याहून उंच, आणि शिवाय अंगण, गोठा, विहीर. म्हणून जे सांगते ते दोन्हीकडे लागू आहे.

आंघोळ झाल्यावर जमीन कोरडी करा, मगच त्याला बाहेर येऊ द्या. मोरीत गोणपाट किंवा रबरी चटई घाला आणि बाहेर जाड पायपुसणं ठेवा, सरकणारं नको. उभ्याने आंघोळ नको, बुटक्या पक्क्या स्टुलावर बसून करू द्या. भिंतीत एक लोखंडी दांडा बसवून घ्या, हाताला धरायला. तो भिंतीत पक्का हवा. टॉवेल वाळत घालायची दांडी धरायला उपयोगाची नाही, ती उपटून येते.

उंबऱ्याला आणि पायरीच्या कडेला पिवळा रंग मारा. छोटा डबा पुरतो. कड डोळ्यांत भरली की पाऊल जपून पडतं. रात्री एक झिरोचा दिवा चालू ठेवा. रात्रीचं पडणं बहुतेक लघवीला उठतानाचं असतं. झोपायच्या आधी त्याला एकदा जाऊन यायची सवय लावा. जमिनीवरची वायर, दोरी, सांडलेलं धान्य, लहान भावंडांची खेळणी उचला. पोटमाळ्याची शिडी काढून ठेवता येत असेल तर काढा.

पायात मागे पट्टा असलेली, मापाची सँडल द्या. पायजमा लोळत असेल तर आजच दुमडून टाका घाला. मुलीचा गाऊन पायात येत असेल तर तोही.

या सगळ्याला किती खर्च आला? दांडा सोडला तर फारसा नाही. पण सगळं एकदम करू नका. कुठून सुरुवात करायची ते तुम्हाला एक वही सांगेल.

वही अशी ठेवायची. तो पडला की त्याच दिवशी पाच गोष्टी लिहायच्या. तारीख आणि वेळ. कुठे पडला. त्या वेळी काय करत होता. पायात काय होतं. गोळी कधी घेतली होती. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्या, नाहीतर कॅलेंडरवर खूण करा. नुसतं अडखळून सावरला तरी लिहा, कारण आज सावरला तो उद्या पडणार असतो.

समजा, महिन्याभरात तो सहा वेळा पडला. वही उघडल्यावर दिसलं की चार वेळा सकाळी नऊ ते दहाच्या दरम्यान पडला. आठ वाजता गोळी घेतो. म्हणजे ही गोष्ट डॉक्टरांना विचारायची. किंवा दिसलं की चार वेळा मोरीच्या बाहेर पडला. मग डॉक्टर नको, पायपुसणं हवं. किंवा दिसलं की कुठेही, कधीही, काही कारण नसताना पडला. मग फिटची शंका घ्यायची. "सारखा पडतो" असं डॉक्टरांना सांगितलं तर ते काय करणार? वही समोर ठेवली तर त्यांना धागा मिळतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट.

पडतो म्हणून त्याला बसवून ठेवू नका.

आयांची भीती मला कळते. उपनगरात आई सकाळी चार घरची कामं करायला जाते, बाप रिक्षा चालवतो. मुलाला खोलीत ठेवून बाहेरून कडी लावतात. गावात आई रोजावर जाते, मूल ओट्यावर बसून राहतं, कुठे कुठे कमरेला दोरीसुद्धा असते. पडू नये म्हणून हे चाललेलं असतं. पण होतं उलटं. बसून राहिलं की मांड्या बारीक होतात, घोट्यातलं बळ जातं, तोल सांभाळायची सवय मोडते. ऊन अंगाला लागत नाही म्हणून ड जीवनसत्त्व कमी होतं आणि हाडं ठिसूळ होतात. त्यात फेनिटॉइन, फिनोबार्बिटोनसारख्या फिटच्या काही जुन्या गोळ्यांनी वर्षानुवर्षं घेतल्यावर हाडं आणखी कमजोर होतात. मग एक दिवस तो कडी उघडून बाहेर येतो, पडतो, आणि आधी टेंगूळ यायचं तिथे आता खुबा मोडतो. कडीने पडणं लांबतं आणि मोठं होतं.

म्हणून रोज चालणं हवं, आणि रोज थोडा व्यायाम. पक्क्या खुर्चीवर बसून हात न टेकता दहा वेळा उठायचं. ओटा किंवा खिडकीचा गज धरून एका पायावर उभं राहायचं, दहा आकडे मोजेपर्यंत, मग दुसऱ्या पायावर. लादीच्या रेषेवर टाचेपुढे टाच ठेवत चालायचं. लादी नसेल तर अंगणात रांगोळीची रेघ ओढा. टाचा उचलून चवड्यांवर उभं राहायचं. हे सगळं तुम्ही जवळ उभ्या राहून करून घ्या. उन्हात केलं तर दोन्ही कामं होतात. गाण्याच्या किंवा भजनाच्या ठेक्यावर केलं तर ही मुलं आनंदाने करतात, आणि दुसऱ्या दिवशी तीच आठवण करून देतात.

शिकवताना एक पथ्य पाळा. घरातल्या सगळ्यांनी तेच शब्द वापरायचे. पायरीशी आलं की "थांब. धर. पाऊल." एवढंच. आजी एक म्हणते, बाप दुसरं ओरडतो, बहीण हात ओढते, असं झालं की त्याचा गोंधळ होतो. हात ओढू नका, तुमचा हात त्याला धरू द्या. पन्नास वेळा सांगावं लागेल, शंभर वेळा लागेल. पण एकदा अंगवळणी पडलं की बहुधा तो ते सोडत नाही. तुम्ही आम्ही घाईत विसरू, तो प्रत्येक पायरीशी थांबेल.

आता बाहेरचं. तुमच्यातल्या काहीजणी मुलाला दाखवायला मुंबईला आणतात आणि नातेवाइकांकडे राहतात. लोकलने जावं लागतं. दिव्यांगांसाठी लोकलमध्ये वेगळा डबा असतो. तो फलाटावर कुठे येतो ते आधी विचारून तिथे जाऊन उभं राहा. सकाळ-संध्याकाळची गर्दीची वेळ टाळा. सरकत्या जिन्याला ही मुलं घाबरतात आणि मध्येच मागे फिरतात, म्हणून लिफ्ट शोधा.

फलाटाची एक गोष्ट सांगते. २०१४ च्या जानेवारीत घाटकोपर स्थानकात कॉलेजला जाणारी एक मुलगी गाडी पकडताना फलाट आणि गाडी यांच्यामधल्या फटीत गेली. तिचे दोन्ही हात गेले. सगळी मुंबई हळहळली. तेव्हा "ती तशीच आहे, पडतेच" असं कुणी म्हणालं नाही. लोकांनी विचारलं, फट एवढी का? फलाट एवढा खाली का? प्रकरण उच्च न्यायालयातही गाजलं आणि फलाट उंच करण्याच्या कामाने जोर धरला. मला म्हणायचंय ते हेच. धडधाकट माणूस पडला की आपण जमिनीकडे बघतो. मतिमंद माणूस पडला की त्याच्या डोक्याकडे बोट दाखवतो. त्याच्याही बाबतीत आधी जमिनीकडे बघा.

उलटा प्रवासही आहे. गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात चाकरमानी गावी येतात आणि सोबत असं मूल असतं. त्याला मुंबईच्या खोलीतलं पाऊल अन् पाऊल पाठ असतं. गावचं घर त्याला परकं. पहिल्या दिवशी दिवसाउजेडी हात धरून त्याला सगळं घर दाखवा. उंबरा कुठे, पायरी कुठे, न्हाणी कुठे, विहिरीकडे एकट्याने का जायचं नाही. त्याचं अंथरूण दाराजवळ आणि दिव्याजवळ घाला. पाहुण्यांच्या गडबडीत गोळीची वेळ चुकवू नका. जावेने एवढं केलं तर त्या आईचा सण सुखाचा जाईल.

इतकं करूनही पडला तर? तर लगेच दंडाला धरून उठवू नका. आधी जवळ बसा, आवाज द्या, अंगावरून नजर फिरवा. ही मुलं दुखणं नीट सांगत नाहीत. काही जण हाड मोडलेलं असताना हसतात, नाहीतर नुसते गप्प होतात. म्हणून तोंडाकडे बघून ठरवू नका. पायावर भार देत नसेल, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, हात वापरणं सोडलं असेल, हात लावू देत नसेल, जेवण बंद केलं असेल, तर मोड आहे असं समजून दवाखान्यात न्या. तेल लावून चोळू नका, ओढून बसवू नका. डोक्याला मार लागला असेल आणि उलटी झाली, गुंगी आली, फिट आली, नाका-कानातून रक्त किंवा पाणी आलं, तर १०८ ला फोन करा. ती रुग्णवाहिका फुकट येते. मान दुखत असेल किंवा हातपाय हलत नसतील तर मान हलवू न देता मदतीची वाट बघा.

फिट येऊन पडला तर आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, झटके थांबले की कुशीवर वळवा. तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर १०८.

पैशांचंही सांगते. जिल्हा रुग्णालयातून तपासणी होऊन दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि त्याचं ओळखपत्र मिळतं. ते आधी काढा, पुढचं सगळं त्यावर चालतं. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' नावाची आरोग्य विमा योजना आहे. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण तीत मिळतं, आणि विमा देण्याआधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. दरवर्षी नूतनीकरण विसरू नका. अठरा वर्षांखालच्या मुलांची अंगणवाडी आणि शाळेत आरोग्य तपासणी होते. त्या दिवशी "हा पडतो" असं सांगून वही दाखवा. आणि ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत उठून विचारा, यंदा तो कशावर खर्च झाला? न्हाणीतला दांडा, दारातला उतार, शौचालयाचा कठडा यांची मागणी त्यातून करता येते.

हे एकट्या आईने विचारणं अवघड आहे. म्हणून बचतगटाला माझी विनंती आहे. पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की एकच प्रश्न घ्या: आपल्या वाडीत असं मूल, असा माणूस कुणाच्या घरी आहे? दोघीजणी त्या घरी जा. सल्ला द्यायला जाऊ नका. न्हाणीपासून दारापर्यंत त्या आईबरोबर चालून बघा, कुठे पाय सरकतो ते पाहा. गटातल्या कुणाच्या घरी उरलेला पिवळा रंग असेल, कुणाचा नवरा गवंडी असेल. अर्ध्या दिवसाचं काम आहे. आणि जमलं तर आठवड्यातून एकदा तासभर त्या मुलाबरोबर चालायला जा, म्हणजे आईला श्वास घ्यायला सवड मिळेल.

कारण या आया आता थकत चालल्या आहेत. पोरगा तीस वर्षांचा, आई साठीची. तो तोल जाऊन तिच्या अंगावर पडला तर दोघंही पडतात. मी गेल्यावर याला कोण सावरेल, हा प्रश्न प्रत्येक आईच्या मनात असतो, बोलत नसली तरी. त्याचं पूर्ण उत्तर माझ्या या भाषणात नाही. पण जो स्वतः कठडा धरून पायरी उतरतो, ज्याचे पाय बळकट आहेत, ज्याच्या घरचा उंबरा पिवळा आहे आणि ज्याला वाडीतल्या चार बायका नावाने ओळखतात, त्याला सावरणं पुढच्या माणसाला सोपं जातं. तेवढं आपल्या हातात आहे.

वही आज संध्याकाळीच घाला. पहिल्या पानावर त्याचं नाव लिहा.